१०१ नमुने, स्टॅफ शून्य

रांजणवाडी, केसतोड, करट, नखुरडं. आजीकडे प्रत्येकावर वेगळा उपाय असायचा, पण या चौघांमागे बहुतेक वेळा एकच जिवाणू असतो: स्टॅफिलोकोकस ऑरियस. लॅबमध्ये त्याला नुसतं स्टॅफ म्हणतात. या जिवाणूचे इतरही भाऊबंद आहेत, पण या लेखात स्टॅफ म्हटलं की ऑरियसच समजा. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यविशारदाने पुवात द्राक्षाच्या घडासारखे पुंजके पाहिले आणि त्यावरून हे नाव पडलं. काचपट्टीवर ग्रॅम रंग देऊन पाहिलं तर आजही ते तसेच दिसतात, जांभळ्या द्राक्षांचे घोस.

हाच जिवाणू शस्त्रक्रियेची जखम चिघळवतो. रक्तात शिरला तर हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतो, हाडात घुसतो. गंमत अशी की एरवी तो धडधाकट माणसाच्या अंगावर निवांत राहतो आणि त्याला पत्ताही लागू देत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक आजारी नसतो. पण त्याला जखम झाली, सलाइनची सुई लागली किंवा ऑपरेशन झालं, की संसर्ग बहुधा त्याच्याच अंगावरच्या स्टॅफचा होतो. २००१ साली जर्मनीतून आलेल्या एका अभ्यासात, रक्तात स्टॅफ सापडलेल्या २१९ रुग्णांपैकी १८० जणांच्या नाकातला स्टॅफ आणि रक्तातला स्टॅफ एकच निघाला होता.

त्यामुळे सगळं लक्ष नाकावर गेलं. वाहक शोधायचा म्हणजे नाकपुडीत स्वॅब फिरवायचा आणि स्टॅफ काढायचा म्हणजे नाकात म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचं मलम लावायचं, हा रिवाज झाला. तो चुकीचा नाही. ऑपरेशनआधी म्युपिरोसिन आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ दिली तर जखमेचे संसर्ग कमी होतात, हे चाचण्यांमधून दिसलेलं आहे. अडचण पुढची आहे. मलम थांबलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्याच जणांच्या नाकात स्टॅफ परत हजर होतो. तो येतो कुठून? घरातल्या माणसांकडून, टॉवेलवरून, स्वतःच्याच काखेतून, ही उत्तरं ठरलेली होती. आतड्याचं नाव क्वचितच निघायचं.

ते का निघायचं नाही, हे लॅबच्या ओट्याशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे स्टूल कल्चर, म्हणजे शौचातले जिवाणू वाढवून पाहायची तपासणी, येतं तेव्हा तंत्रज्ञ साल्मोनेला, शिगेला, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ असल्या ठरलेल्या गुन्हेगारांचा शोध घेतो. जिवाणू वाढवायच्या आगराच्या प्लेटाही त्यांच्याच सोयीच्या. मॅकॉन्की आगरवर तर स्टॅफ सहसा वाढतच नाही. त्याला पाहायचं असेल तर मुद्दाम मॅनिटॉल सॉल्ट आगर लावावं लागतं. यात मीठ साडेसात टक्के, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त. शौचातले बहुतेक जिवाणू एवढ्या खारात मान टाकतात. स्टॅफ टिकतो आणि त्यातला मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ आंबवून आम्ल तयार करतो. आदल्या दिवशी लालसर गुलाबी दिसणारी प्लेट दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरमधून काढली की कॉलन्यांभोवती (जिवाणूंच्या ठिपक्यांभोवती) हळदीचे डाग पडावेत तशी पिवळी झालेली असते. मग त्यातली एक कॉलनी उचलून सशाच्या प्लाझ्मात मिसळायची. नळी तिरकी केल्यावर आतला द्रव वाहिला नाही, घट्ट दह्यासारखा बसून राहिला, की स्टॅफ ऑरियस पक्का. अवघड यात काहीच नाही. फक्त कुणी मागितल्याशिवाय हे कुणी करत नाही.

तरीही काही जणांनी हे केलं होतं. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी असे विखुरलेले अहवाल एकत्र मांडले. त्यात सरासरीने साधारण २० टक्के लोकांच्या आतड्यात स्टॅफ होता आणि नाकात त्याच्या दुप्पट, साधारण ४० टक्के. पाचातला एक म्हणजे किरकोळ आकडा नव्हे. तरी त्याच्याकडे नाकातून गिळल्या गेलेल्या शेंबडासोबत खाली आलेला पाहुणा म्हणूनच बघितलं जायचं.

थायलंडमधल्या ज्या अभ्यासाबद्दल हा लेख आहे, तो इथे सुरू होतो.

दोनशे गावकरी

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले मायकेल ऑटो, त्यांच्या गटातले पिपट पिऊंगाम आणि थायलंडमधल्या महिडोल व राजमंगला विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांनी थायलंडच्या ग्रामीण भागातले २०० निरोगी लोक निवडले. खेडीच निवडण्यामागे हिशोब होता. शहरातल्या माणसाचं अन्न धुतलेलं, पॅक केलेलं, निर्जंतुक केलेलं असतं आणि पोटात अँटिबायोटिकांची ये-जा चालू असते. आतड्यातले जिवाणू एकमेकांशी कसे वागतात हे पाहायचं तर ती लुडबुड जिथे कमी आहे तिथेच जायला हवं. (आपल्या गल्लीत गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिकचा एकही कोर्स न घेतलेली दोनशे माणसं गोळा करायची ठरवली, तर किती दारं वाजवावी लागतील याचा विचार करून पाहा.)

प्रश्न साधा होता. आतड्यात असं काही असतं का, की जे असलं तर स्टॅफ नसतो?

प्रत्येकाचा शौचाचा नमुना आणि नाकाचा स्वॅब घेतला. आतड्यात स्टॅफ सापडला २५ जणांच्या, म्हणजे साडेबारा टक्के. नाकात सापडला २६ जणांच्या. या गावांत तरी आतडं नाकाच्या मागे नव्हतं.

मग त्याच नमुन्यांत बॅसिलस शोधला. हा मातीतला जिवाणू. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती कडक कवच करून बीजाणू होतो. बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाही आणि पोटातल्या आम्लालाही नाही. मातीतून भाजीवर, भाजीवरून ताटात, ताटातून पोटात असा त्याचा प्रवास. थाई जेवणात नामफ्रिक या मिरचीच्या झणझणीत चटणीसोबत कच्ची पानं, शेंगा आणि काकडी असतेच, जशी आपल्याकडे भाकरीसोबत कांदा, मुळा आणि मेथीची जुडी. दोनशेपैकी १०१ जणांच्या नमुन्यात बॅसिलस मिळाला, त्यातही बहुतांश बॅसिलस सबटिलिस.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. बॅसिलस असलेले १०१. त्यातले किती जण आतड्यात स्टॅफ बाळगून होते? एकही नाही. पंचवीसच्या पंचवीस जण बॅसिलस न सापडलेल्या ९९ जणांत होते.

जीवशास्त्रात शून्य फार दुर्मिळ. माणसांवरच्या अभ्यासात हाती येतं ते 'कमी', 'निम्म्याने कमी', नाहीतर 'कमी होण्याकडे कल'. म्हणून या शून्याला जरा चिमटा काढून बघावासा वाटतो. समजा, बॅसिलस आणि स्टॅफ यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. मग प्रत्येक स्टॅफवाल्याकडे बॅसिलस असण्याची शक्यता साधारण निम्मी, नाणेफेकीसारखी. २५ वेळा नाणं उडवायचं आणि पंचवीसही वेळा काटा यायला हवा. असं योगायोगाने होण्याची शक्यता साधारण तीन कोटी पस्तीस लाखांत एकदा असते. नशिबाच्या खात्यावर टाकावं असं ते नव्हतं.

पण योगायोग नाही म्हणजे बॅसिलसनेच केलं, असंही नाही. कदाचित जे लोक जास्त भाजी खातात त्यांच्या आतड्यात दुसरंच काहीतरी वेगळं असेल आणि बॅसिलस हा त्या खाण्याचा नुसता खुणेचा दगड असेल. पाहणी एवढ्यावर थांबली असती तर 'भाजी खा, स्टॅफ टाळा' अशा एखाद्या मथळ्यापलीकडे या अभ्यासाला किंमत राहिली नसती. त्यांनी पुढे जे केलं त्यामुळे हे प्रकरण मला शिकवण्यासारखं वाटतं.

मारत नाही, मग करतो काय?

पहिला संशय स्वाभाविक होता. बॅसिलस एखादा विषारी पदार्थ सोडून स्टॅफला मारत असणार. बॅसिलसच्या जाती असली रसायनं बनवण्यात पटाईत आहेतच. त्या गावकऱ्यांच्या नमुन्यांतून वेगळे केलेले बॅसिलस वाढवले, त्यांचा गाळलेला द्रव स्टॅफवर टाकला. स्टॅफ मजेत वाढला.

इथे बहुतेकांनी नाद सोडला असता. या मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला: आतड्यात टिकून राहायला स्टॅफला स्वतःचं काय लागतं?

स्टॅफकडे एजीआर नावाची संदेशयंत्रणा असते. प्रत्येक पेशी एक छोटं कड्यासारखं पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) बाहेर सोडत राहते. आजूबाजूला भाऊबंद थोडे असले तर ते विरून जातं. संख्या वाढली की पेप्टाइडही साचतं, पेशींच्या पृष्ठभागावरच्या, संदेश पकडणाऱ्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) जाऊन बसतं आणि शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात. याला इंग्रजीतून आलेलं नाव कोरम सेन्सिंग. आपल्याला हा शब्द परका नाही. ग्रामसभा किंवा सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला कोरम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: डोकी पुरेशी जमल्याशिवाय ठराव होत नाही.

एजीआर काढून टाकलेला स्टॅफ उंदरांना पाजला तर तो त्यांच्या आतड्यात तग धरू शकला नाही. म्हणजे आतड्यात राहायचं तर कोरम भरावाच लागतो. आता बॅसिलसचा तोच गाळलेला द्रव पुन्हा तपासला. या वेळी स्टॅफ मरतो का हे नाही, तर त्याचा एजीआर चालतो का हे पाहिलं. एजीआर बंद पडला होता, आणि गावकऱ्यांच्या नमुन्यांतून आलेला प्रत्येक बॅसिलस हे करत होता.

द्रवातला कर्ताकरविता निघाला फेंगिसिन. हे लायपोपेप्टाइड (मेदाचा तुकडा जोडलेलं पेप्टाइड) बुरशीनाशक म्हणून आधीपासून माहीत होतं. त्याचाही भाग कड्यासारखा, स्टॅफच्या संदेश-पेप्टाइडशी जुळणारा. तो ग्राहकात शिरकाव करतो आणि खऱ्या संदेशाला जागा मिळत नाही. कुलपात भलतीच किल्ली घालून ठेवावी तसं. कुलूप मोडत नाही, उघडतही नाही. स्टॅफ जिवंत असतो, वाढूही शकतो, पण आपण किती जण आहोत हे त्याला समजत नाही. सभा भरलेली असूनही कोरमअभावी तहकूब.

मग खरी कसोटी लागली ती उंदरांवर. त्यांच्या आतड्यात स्टॅफ वसवला आणि त्यांना दर दोन दिवसांनी बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू पाजले. आतड्यातला स्टॅफ गेला. अमेरिकेत मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या संसर्गांसाठी कुख्यात असलेला यूएसए ३०० हा प्रकारही गेला. आणि फेंगिसिन बनवूच शकणार नाही असा बदल केलेला बॅसिलस दिला, तेव्हा स्टॅफ तिथेच राहिला. हा शेवटचा प्रयोग नसता तर बाकी सगळं संशयाच्या पातळीवर राहिलं असतं. हे काम २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

अँटिबायोटिकवर वाढलेल्या आपल्या पिढीला यात एक गोष्ट पचायला जड जाते. जिवाणूला मारलं नाही, तरी तो जातो. अँटिबायोटिक आतड्यात गेलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. इथे फक्त एकाचाच आवाज बंद होतो आणि शेजारीपाजारी जागच्या जागी राहतात.

सोंगख्ला, २०२१

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून पुढचं पाऊल पडलं ते थायलंडच्या दक्षिणेला, थायलंडच्या आखाताकाठच्या सोंगख्ला भागात. २०२१ च्या २९ जानेवारीला चाचणी सुरू झाली आणि ३० जूनला संपली. सहभागी १८ वर्षांवरचे, आतड्याचा आजार नसलेले, मागच्या ९० दिवसांत अँटिबायोटिक न घेतलेले आणि इस्पितळात दाखल न झालेले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, जुलाब चालू असलेले, आधीच प्रोबायोटिक घेणारे, या सगळ्यांना वगळलं. राहिले ११५ जण, आणि या प्रत्येकाच्या आतड्यात, नाकात किंवा दोन्हीकडे स्टॅफ होता.

निकालाकडे जायच्या आधी या ११५ जणांच्या वाटणीपाशी थांबायला हवं, कारण बहुतेक बातम्यांनी ती ओलांडून पुढे उडी मारली. आतड्यात स्टॅफ असलेले ८४. नाकात असलेले ५०. दोन्हीकडे असलेले १९. वजाबाकी करा. फक्त नाकात ३१ आणि फक्त आतड्यात ६५.

पासष्ट. या लोकांच्या नाकात स्वॅब फिरवला असता तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला असता, आणि ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांच्या कागदावर 'वाहक नाही' असा शिक्का बसला असता. ११५ वाहकांपैकी निम्म्याहून जास्त जण नाकाच्या तपासणीतून निसटतात. हे प्रमाण सोंगख्लाचं आहे, ते उचलून नाशिक किंवा नागपूरवर चिकटवता येणार नाही. पण आतडं म्हणजे नाकातून गळलेल्या मालाचं गोदाम, ही समजूत मात्र यातून उलगडून पडते. फक्त नाकातूनच माल खाली येत असता, तर नाक रिकामं आणि आतडं भरलेलं असे इतके लोक निघाले नसते.

आता निकाल. ५५ जणांना रोज २५० मिलिग्रॅम बॅसिलस सबटिलिस, ६० जणांना तसंच दिसणारं पण बॅसिलस नसलेलं प्लासिबो. तीस दिवस. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. शेवटच्या डोसनंतर मोजणी झाली. बॅसिलस घेणाऱ्यांच्या शौचातला स्टॅफ ९६.८ टक्क्यांनी घटला होता. नाकातला घटला ६५.४ टक्क्यांनी. त्रास दोन्ही गटांत सारखाच, आणि आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंच्या वस्तीत नोंद घ्यावी असा फेरफार नाही. जानेवारी २०२३ मध्ये हे 'लॅन्सेट मायक्रोब'मध्ये आलं.

पहिला आकडा मोठा आहे, पण मला दुसरा जास्त बोलका वाटतो. नाकाला कुणी हातही लावला नव्हता. गोळी पोटात गेली आणि नाकातला स्टॅफ दोनतृतीयांशाने उतरला. याचा सरळ अर्थ असा लागतो की निदान काही लोकांत नाकातली वस्ती आतड्यातल्या वस्तीच्या आधारावर तगून असते. आतड्यातून हात, हातातून नाक, हा रस्ता आपण लहान मुलांना रोज बजावत असतो. त्यावरून स्टॅफही ये-जा करत असेल तर आश्चर्य नको. मलम लावून नाक साफ केलं तरी महिन्याभराने पाहुणा परत का येतो, या जुन्या कोड्याचंही एक उत्तर इथे दिसतं.

या आकड्यांत काय नाही, तेही बघायला हवं. ९६.८ टक्के ही घट जिवाणूंच्या संख्येतली आहे. ९६.८ टक्के लोक स्टॅफमुक्त झाले असा तिचा अर्थ नाही, तरी तसं लिहिलेलं मी वाचलं आहे. चाचणी दुसऱ्या टप्प्यातली, एकाच भागातली, निरोगी माणसांवरची. मोजला तो वाहकपणा, संसर्ग मोजलाच नाही. बॅसिलस घेतल्याने कुणाचं करट टळलं किंवा टाके चिघळायचे वाचले, हे ही चाचणी सांगत नाही आणि सांगितल्याचा दावाही करत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया होणारे, डायलिसिसवरचे, वारंवार गळवं येणारे अशा लोकांवर मोठी चाचणी लागेल. डोस बंद केल्यावर पुढचं गणित काय, हाही वेगळा विषय. बॅसिलस आतड्यात संसार मांडून राहणारा नव्हे, तो येतो आणि जातो. गावकरी त्याला रोज भाजीतून खातात, उंदरांना दर दोन दिवसांनी पाजला होता, सोंगख्लात रोज दिला. सातत्य हा या उपायाचा भागच दिसतो.

हे सगळं वर्गात सांगितलं की एक हात हमखास वर येतो: "मग ती मेडिकलमध्ये मिळणारी छोटी प्लास्टिकची कुपी, जुलाब झाले की मुलांना देतात, ती रोज दिली तर?" त्या कुपीत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. नावात बॅसिलस असलं तरी जात वेगळी. सबटिलिसवर झालेल्या चाचणीतून क्लॉसीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एका घराण्यातले म्हणून दोघे भाऊ सारखेच गातील असं थोडंच आहे. दुसरा हात दह्यासाठी असतो. दही, इडली, ढोकळा यांच्या आंबण्यात मुख्य काम लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं. ते पोटाला चांगले असतील, पण या गोष्टीत त्यांची भूमिका नाही. सबटिलिसवर आंबवलेलं खाणं म्हणजे जपानचा नात्तो, किंवा त्याच वळणाची आपल्या नागालँडची अखुनी. सोयाबीनचे असे तार सुटणारे, उग्र वासाचे पदार्थ मराठी स्वयंपाकघरात अजून तरी आलेले नाहीत. आणि हेही जाता जाता: लग्नाच्या पंगतीत बासुंदी खाऊन तीन-चार तासांत सगळ्यांना उलट्या होतात, तोही स्टॅफच, पण ते प्रकरण पूर्ण निराळं. तिथे विष आधीच बासुंदीत तयार झालेलं असतं. स्टॅफ तुमच्या आतड्यात राहतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

ज्यांना वर्षातून चारदा केसतोड येतो आणि नाकाचा स्वॅब प्रत्येक वेळी कोरा येतो, त्यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारण्यासारखा एक प्रश्न या प्रकरणातून हाती लागतो: आतड्यात पाहायचं का? लॅबला त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. मागणीच्या कागदावर नमुना म्हणून 'स्टूल' आणि शोधायचा जिवाणू म्हणून 'स्टॅफ ऑरियस' एवढं स्पष्ट लिहिलेलं लागतं. नुसतं 'स्टूल कल्चर' लिहून आलं तर खारी प्लेट कपाटातच राहते.